जहाजाच्या कागदावरचं जबलपूर

या मालिकेत आपण आजवर महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचा माग काढत आलो. आज उलट दिशेने जायचं आहे. मी जबलपुरात राहतो, आणि आजचा विषय आहे याच जिल्ह्यातून जहाजात बसून गेलेली माणसं. त्यांचे पणतू-खापरपणतू आज फिजीत, सुरिनाममध्ये, दक्षिण आफ्रिकेत, नेदरलँड्समध्ये आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या हातात जुन्या कागदाची प्रत असते. तीवर ‘जिल्हा जबलपूर’ असं लिहिलेलं असतं, आणि पुढे काय करायचं ते त्याला समजत नसतं. मराठी प्रेक्षकांनी हे का ऐकायचं, तेही बोलता बोलता येईलच.

आधी एक फरक लक्षात घेऊ. जबलपूर 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आलं, 1798 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि 1817 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्या काळात किंवा नंतर नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी घरांपैकी अनेकांना आपली कुळकथा सांगता येते. कुणाकडे सनद असते, कुणाकडे इनामाचा कागद असतो. काहीच नसलं तर नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जावं, आडनाव आणि मूळ गाव सांगावं. तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि पाच-सहा पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. इकडच्या हिंदी भाषक घराण्यांसाठी प्रयागचे पंडे हेच काम करतात.

पण वहीत नाव कुणाचं येतं? जो तीर्थाला जाऊ शकला त्याचं. सिहोऱ्याच्या बाजूचा एखादा कोल मजूर, पाटनकडची एखादी विधवा, दुष्काळात बैल विकून घर सोडलेला कुणबी, यांची नावं कुठल्या वहीत असणार? ती सापडली तर जहाजाच्या कागदावरच. लिहिणाऱ्याला त्या माणसाच्या वंशावळीत काडीचा रस नव्हता. मजूर पळाला तर ओळखता यावा आणि मळ्याच्या हिशेबात घोळ होऊ नये, एवढ्यासाठीच तो कागद झाला. आज मात्र ज्यांच्यासाठी कुणी वही ठेवली नाही, त्यांची वही तोच आहे.

रेल्वे आली आणि समुद्र जवळ आला

जबलपूरपासून समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो मैल दूर आहे. तरी इथली माणसं जहाजापर्यंत पोचली, ती रेल्वेमुळे.

अलाहाबादहून येणारी ईस्ट इंडियन रेल्वेची शाखा जबलपूरला 1867 मध्ये आली. मुंबईहून येणारा जीआयपी रेल्वेचा रूळ तिला मार्च 1870 मध्ये इथेच मिळाला, आणि मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग जबलपूरला जुळला. त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. इतिहासाच्या पुस्तकांत ही प्रगतीची घटना म्हणून येते, आणि ती तशी होतीही. पण कटनी, सतना, माणिकपूर, नैनी या वाटेने आता कलकत्त्याचं बंदर गाठता येऊ लागलं होतं. मजूर गोळा करणाऱ्या दलालालाही हीच वाट खुली झाली.

या दलालाला उत्तरेत ‘अरकाटी’ म्हणत. तो बाजारात, धर्मशाळेत, स्टेशनाबाहेर माणसं हेरायचा. कायद्याप्रमाणे त्या माणसाला नोंदणी अधिकाऱ्यापुढे उभं करावं लागे. करार समजला का, स्वखुशीने जातोस का, असं विचारलं जाई, आणि मग कलकत्त्याला रवानगी होई. करार पाच वर्षांचा असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. मराठीत गिरमिट म्हटलं की आपल्याला भोक पाडायचं सुताराचं हत्यार आठवतं, पण या गिरमिटाचा त्याच्याशी संबंध नाही. गिरमिट करून गेला तो गिरमिटिया.

शोध घेणाऱ्याने काही तारखा जवळ ठेवाव्यात. मॉरिशसला मजूर नेणं 1834 मध्ये सुरू झालं आणि तिथली मोठी आवक 1870 च्या आतली आहे, म्हणजे जबलपूर रेल्वेने मुंबईशी जोडलं जाण्याआधीची. नाताळला पहिलं जहाज ‘ट्रुरो’ 16 नोव्हेंबर 1860 रोजी मद्रासहून पोचलं आणि त्यामागोमाग कलकत्त्याहूनही जहाजं गेली. सुरिनामला ‘लाला रूख’ 5 जून 1873 रोजी पोचलं, आणि फिजीला ‘लिओनिडास’ 14 मे 1879 रोजी. त्यामुळे पूर्वज जबलपूरकडचा असेल, तर पहिला शोध सुरिनाम, फिजी आणि नाताळच्या नोंदींत घ्यावा. पूर्वज रत्नागिरी किंवा साताऱ्याचा असेल, तर मुंबई बंदर आणि मॉरिशस धरावं. मॉरिशसमधल्या मराठी समाजाच्या पूर्वजांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहेत. 1860 च्या दशकापासून तिथे मजुरांचे फोटो काढायला सुरुवात झाली, त्यामुळे काहींना खापरपणजोबांचा चेहराही पाहायला मिळतो.

शतक संपता संपता मध्य प्रांतावर लागोपाठ दोन दुष्काळ कोसळले, 1896-97 चा आणि 1899-1900 चा. 1891 च्या तुलनेत 1901 च्या खानेसुमारीत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटलेली दिसते. त्या घटीत मृत्यू किती आणि परागंदा झालेले किती, हे जनगणनेच्या तक्त्यावरून वेगळं काढता येत नाही. जहाजाच्या कागदावर मात्र गेलेला माणूस एकेक करून मोजलेला आहे.

पासवर काय लिहिलेलं असतं

फिजीला गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक ‘एमिग्रेशन पास’ असे. हे पास सुवा इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पुरुषांचा आणि स्त्रियांचा छापील नमुना वेगळा होता. त्यावर डेपोतला क्रमांक, जहाजाचं नाव आणि जहाजावरचा क्रमांक, माणसाचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि जात असे. मग जिल्हा, ठाणं किंवा परगणा आणि गाव. त्यानंतर जवळच्या नातेवाइकाचं नाव, लग्न झालेलं असल्यास जोडीदाराचं नाव, फूट-इंचात उंची आणि अंगावरची खूण.

उंची आणि खूण या दोन रकान्यांवर मी नेहमी थांबतो. डाव्या गालावर व्रण, कपाळावर देवीचे वण, हातावर गोंदण, अशा या नोंदी. त्या फरारी मजुराला पकडण्यासाठी होत्या. पण घरात फोटो नाही, पत्र नाही, कपड्याची चिंधीही उरलेली नाही, अशा कुटुंबाला आपली पणजी किती उंच होती आणि तिच्या हनुवटीवर काय गोंदलेलं होतं, हे या एकाच कागदावरून कळतं.

या नोंदींतून काय काय बाहेर येतं, ते ब्रिज लाल या इतिहासकाराने दाखवून दिलं. फिजीत जन्मलेले ब्रिज लाल स्वतः गिरमिटियाचे नातू, आजोबा बहराइचचे. त्यांनी कलकत्त्यावरून फिजीला गेलेल्या 45,439 माणसांचे पास एकेक करून तपासले, ती माहिती संगणकात घातली आणि 1983 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. जाणारे सगळे खालच्या जातींतले आणि भोळसट होते, हा जुना समज त्या आकड्यांपुढे टिकला नाही. शेतकरी जाती, कारागीर, ब्राह्मण-ठाकूरसुद्धा त्यांत होते. शिवाय अनेकांची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याबाहेर झालेली होती. म्हणजे अरकाटी भेटण्याआधीच ही माणसं कामाच्या शोधात घराबाहेर पडली होती.

आपल्या शोधासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. नोंदणी जबलपूरला झाली म्हणून माणूस जबलपूरचा ठरत नाही. दमोह, मंडला किंवा रेवा संस्थानातला माणूस जबलपूरच्या स्टेशनवर भरती झालेला असू शकतो. म्हणून नोंदणीचं ठिकाण आणि राहण्याचा जिल्हा हे दोन रकाने वेगळे वाचायचे.

नावामागे लागू नका, नंबर शोधा

बहुतेकांची गाडी अडते ती इथे. लोक नावापासून सुरुवात करतात, आणि ‘रामदीन’ किंवा ‘सुखिया’ शेकड्यांनी सापडतात. आडनाव नसतंच. पुढे वसाहतीत आजोबांचं एकेरी नाव किंवा त्यांच्या बापाचं नावच आडनाव होऊन बसतं.

त्यात लेखनाचा गोंधळ. बुंदेली बोलणारा माणूस नाव सांगतो, कलकत्त्यातला कारकून ते ऐकतो आणि इंग्रजीत लिहितो. यशोदाची जसोदा होते, लक्ष्मणाचा लछमन, विष्णूचा बिष्णू. सुरिनामला गेलं की त्यावर डच वळण चढतं. तिथे ‘उ’ किंवा ‘ऊ’साठी ‘ओ’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरं, ‘ज’साठी ‘डी’ आणि ‘जे’. ‘सूरज’ हे नाव तिथल्या यादीत आपण इंग्रजी स्पेलिंगने शोधत बसलो तर सापडायचं नाही. मॉरिशसमध्ये फ्रेंच वळणामुळे असाच प्रकार होतो.

म्हणून शोध नंबरापासून सुरू करावा. नाताळात प्रत्येक मजुराला वसाहतीचा क्रमांक होता, सुरिनाममध्ये कराराचा आणि फिजीत पासचा. जुन्या विवाह दाखल्यावर, जन्माच्या नोंदीवर, जमिनीच्या कागदावर हा क्रमांक बऱ्याचदा लिहिलेला असतो. आई-बापांच्या नावापुढे दिसणारा आकडा फालतू समजून सोडून देऊ नका, सगळ्या शोधाची किल्ली तोच असू शकतो. क्रमांक मिळाला की जहाज मिळतं, आणि जहाज मिळालं की यादीतलं पान. क्रमांक नसेल तर घरातल्या वृद्धांना जहाजाचं आणि मळ्याचं नाव विचारावं. जहाज एकच असलं तरी त्याच्या फेऱ्या अनेक असत, म्हणून वर्षही हवं. फिजीला गेलेलं शेवटचं जहाज ‘सतलज’ 11 नोव्हेंबर 1916 रोजी पोचलं, पण ती त्याची पाचवी फेरी होती. नुसतं ‘आजोबा सतलजवरून आले’ एवढं पुरत नाही.

एकाच जहाजातून आलेले लोक एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणत आणि ते नातं सख्ख्यासारखं पाळत. घरातल्या माणसाचं पान फाटलेलं असलं, तर त्याच्या जहाजी भाईंची पानं पाहावीत. एका गावची दोन-तीन माणसं बरोबर निघाली असतील, तर तीही एकाच जहाजावर सापडू शकतात.

सुरिनामच्या नोंदी आज संगणकावर शोधता येतात. 1873 ते 1916 या काळात तिथे सुमारे 34 हजार माणसं गेली. 1975 च्या सुमारास, सुरिनाम स्वतंत्र झाला तेव्हा, त्यांचे बरेच वंशज नेदरलँड्सला गेले. नाताळच्या जहाज-याद्यांमध्ये 1860 ते 1911 मधल्या 1,52,184 माणसांची नोंद आहे आणि त्याही आता संगणकावर आलेल्या आहेत.

‘जिल्हा जबलपूर’ म्हणजे नक्की कुठे?

समजा पास हाती आला. जिल्हा जबलपूर, ठाणं सिहोरा, आणि गावाचं एक वेडंवाकडं नाव. आता आपलं, म्हणजे इथे राहणाऱ्यांचं काम सुरू होतं.

पहिली गोष्ट म्हणजे तेव्हाचा जबलपूर जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. जबलपूर, सिहोरा आणि मुडवारा अशा त्याच्या तहसिली. मुडवारा म्हणजे आजचं कटनी, आणि कटनी हा 1998 पासून स्वतंत्र जिल्हा आहे. परदेशातला माणूस विमानाने जबलपूरला उतरतो, इथल्या कचेरीत चौकशी करतो, आणि त्याचं गाव निघतं कटनीच्या यादीत.

दुसरी गोष्ट मराठी वाचकांसाठी. सिहोरा भंडारा जिल्ह्यातही आहे, तुमसरजवळ. पाटण साताऱ्यात आहे आणि पाटन जबलपुरात. भंडारा आणि नागपूर तेव्हा याच मध्य प्रांतात होते. जिल्ह्याचा रकाना न पाहता नुसत्या गावाच्या नावावर धाव घेतली, तर माणूस पाचशे मैल चुकतो. वाचताना क्रम आधी जिल्हा, मग ठाणं, मग गाव असाच ठेवावा.

तिसरी गोष्ट सांगताना जरा जड जातं. नर्मदेवरच्या बरगी धरणामुळे जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली मिळून 162 गावं बाधित झाली. पासवरचं गाव त्यांत असेल, तर दाखवायला पाणीच उरतं. तेव्हा विस्थापितांची नवी वस्ती कुठे झाली, हे विचारत जावं लागतं.

गाव नक्की झालं की इथले कागद पाहायचे. जुन्या बंदोबस्ताच्या मिसली, त्यातली मालगुजारांची आणि कुळांची नावं. आणि विदर्भातल्या प्रेक्षकांना चांगलंच ठाऊक असलेलं कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल आणायला तुमच्यापैकी किती जण तहसीलला गेले असतील! मध्य प्रांतात गावोगावचा कोतवाल, इकडच्या बोलीत कोटवार, जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर देई आणि ती नोंदवली जाई. पासवरच्या बापाचं नाव आणि जात त्या नोंदींतल्या एखाद्या घराशी जुळली, तर धागा बराच पक्का होतो. भूमिहीनाचं नाव बंदोबस्तात नसतं, पण त्याच्या घरातला जन्म किंवा मृत्यू कोतवालाने सांगितलेला असू शकतो.

कागद खरं सांगेलच असं नाही

एवढं करूनही सावध राहावं लागतं, कारण पासवर जे आहे ते त्या माणसाने सांगितलेलं आहे. याचं सगळ्यात ठळक उदाहरण मराठीच आहे. श्रीधर बळवंत जोधपूरकर हा ग्वाल्हेर संस्थानातला मराठी ब्राह्मण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो गिरमिटिया होऊन फिजीला गेला, पण जाताना ब्राह्मण असल्याचं लपवण्यासाठी रामचंद्र राव झाला. मळेवाल्यांना ब्राह्मण मजूर नको असत. फिजीहून परतल्यावर तो अवधमध्ये गेला आणि 1920-21 च्या शेतकरी आंदोलनाचा पुढारी झाला, बाबा रामचंद्र या नावाने. त्याच्या भाऊबंदांपैकी कुणी जोधपूरकर हे नाव घेऊन फिजीच्या याद्या चाळल्या असत्या, तर हाती काहीच लागलं नसतं.

तो प्रसिद्ध झाला म्हणून त्याचं खरं नाव आपल्याला माहीत आहे. असे आणखी किती असतील? जात बदललेले, गाव चुकीचं सांगितलेले, घरच्यांनी शोधू नये म्हणून बापाचं नाव बदललेले. स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच जपून वाचावं. प्रत्येक शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवायच्याच, असा नियम होता, आणि तो आकडा भरण्याचा दबाव अरकाट्यावर असे. कलकत्त्याच्या डेपोतही जोड्या जमत. त्यामुळे पासवर जोडीदार म्हणून लिहिलेला पुरुष गावाकडचा नवरा असेलच असं नाही. हे कळल्यावर काही कुटुंबं खट्टू होतात. मी त्यांना एवढंच सांगतो, की नवऱ्याच्या घरून निघालेली किंवा काढलेली बाई एकटी कलकत्त्यापर्यंत पोचली, पुढे शिडाच्या जहाजावर सुमारे अडीच महिने काढून फिजीच्या उसात उभी राहिली. तिच्याकडून चुकीचं नाव लिहून घेतलं गेलं असेल, तर त्याची लाज तिच्या नातवंडांनी का बाळगायची?

परत आलेले आणि न आलेले

या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात पहिला मोठा आवाज उठवला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. 1910 मध्ये त्यांच्या ठरावानंतर नाताळची भरती थांबवण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि 1911 मध्ये ती थांबली. मार्च 1912 मध्ये त्यांनी सगळी गिरमिट पद्धतच रद्द करा असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. 1917 मध्ये भरती बंद झाली, आणि 1 जानेवारी 1920 रोजी फिजीतले उरलेले करार रद्द झाले. तोपर्यंत गोखले जाऊन पाच वर्षं होत आली होती.

फिजीतल्या मजुराला दहा वर्षांनी परतीचा फुकट प्रवास मिळण्याचा हक्क होता. काही परत आलेही. पण समुद्र ओलांडला, जात-पात सोडून एका पंगतीत जेवला, म्हणून अनेकांना गावाने घेतलं नाही. काही जण कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये परतीच्या जहाजाची वाट पाहत राहिले. शोध घेताना परतीच्या जहाजांच्या नोंदीही पाहाव्यात, त्या याच कारणासाठी. घरातला जो माणूस ‘कलकत्त्याला गेला तो गेलाच’ म्हणून सोडून दिलेला असतो, तो कदाचित परतही आलेला असतो, फक्त घरापर्यंत पोचलेला नसतो.

आणि हे जबलपूरच्या, भंडाऱ्याच्या, नागपूरच्या, रत्नागिरीच्या सगळ्यांनाच लागू आहे. आजवर हा शोध बेटांवरून गावाकडे असाच चालत आला. ज्यांच्याकडे पास होता ते इकडे यायचे. आता याद्या संगणकावर आल्यामुळे इकडूनही तिकडे शोधता येतं. तुमच्या घरात दुष्काळात परागंदा झालेल्या एखाद्या चुलत पणजोबाची गोष्ट असेल, तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: त्यांचं घरात बोलावण्याचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव तेव्हा कोणत्या ठाण्याखाली होतं ते. एवढ्या तीन गोष्टी जहाजाच्या यादीशी ताडून पाहता येतात.

आणि तिकडून कुणी कागद घेऊन तुमच्या गावात आलं, तर त्याला ‘इथे असं कुणी नव्हतं’ म्हणून वाटेला लावू नका. आपल्या कोतवालाच्या नोंदीतलं एखादं घर जुळतं का, एवढं पाहून द्या. त्याच्याकडे नाशिकची वही नाही, प्रयागचा पंडा नाही. त्याच्याकडे फूट-इंचात लिहिलेली एक उंची आहे आणि तुमच्या गावाचं चुकीच्या स्पेलिंगमधलं नाव आहे. ते नाव ओळखण्याइतका कान इथल्याच माणसाकडे असू शकतो.

पुढच्या भागात कोतवाल बुक कसं वाचायचं, ते सविस्तर पाहू.